टॅबलेट भाच्याला द्यायचा आहे. त्यातल्या फोटोंचे काय करू?

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला ३२ जीबीचा अँड्रॉइड टॅबलेट आहे आणि येत्या महिन्यात तो भाच्याला अभ्यासासाठी द्यायचे ठरले आहे. त्यात घरातल्या समारंभांचे फोटो आहेत, बाळंतपणानंतरचे आहेत, त्वचेच्या आजारासाठी डॉक्टरांना दाखवायला काढलेले आहेत, आणि ओळखपत्रांचे व बँकेच्या पासबुकाचेही आहेत. ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना तर रोजचीच झाली आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी गूगल फोटोजमधून तीन-चारशे फोटो पुसले, तर ते माझ्या फोनवरूनही दिसेनासे झाले. म्हणून पुढचे फोटो मी गॅलरीतून पुसले, तर ते गूगल फोटोजमध्ये जसेच्या तसे दिसत राहिले आणि जागाही फारशी मोकळी झाली नाही. यजमान म्हणतात, सरळ फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे टॅबलेट नव्यासारखा कोरा करून टाक. मैत्रीण म्हणते, रीसेट केले तरी फोटो परत काढता येतात, त्यापेक्षा फोटो लपवण्याचे ॲप घे. मला फोटो गमवायचे नाहीत आणि भाच्याला दिसायलाही नकोत. नक्की काय करू?
– एक वाचक

उत्तर : पुढचे वाचण्याआधी एक तातडीचे काम करून घ्या. फोनवर गूगल फोटोज उघडा आणि ‘कलेक्शन्स’ किंवा ‘लायब्ररी’ या विभागातल्या ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत जा. बॅकअप झालेला, म्हणजे ज्याची प्रत तुमच्या गूगल खात्यात ठेवली गेली आहे असा फोटो पुसला की तो तिथे ६० दिवस राहतो आणि बॅकअप न झालेला ३० दिवस. तुम्ही फोटो पुसून दोन आठवडेच झाले असल्याने ते अजून तिथे असणार. हवे असलेले निवडून ‘रीस्टोअर’ करा, म्हणजे ते पूर्वीच्या जागी परत येतील. ट्रॅश मात्र इतक्यात रिकामा करू नका. जागा मोकळी करण्याच्या घाईत लोक नेमके तेच आधी करतात आणि नंतर हळहळतात.

आता तुमच्या बाबतीत काय घडले ते पाहू. गूगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असतो तेव्हा एकाच फोटोच्या दोन प्रती असू शकतात : एक टॅबलेटच्या साठवणीत आणि दुसरी गूगलच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्यात. फोनवरचे गूगल फोटोजही त्याच खात्याला जोडलेले असल्यामुळे टॅबलेटवर काढलेले फोटो फोनवर दिसत होते. ते फोनमध्ये मुळात उतरलेलेच नव्हते. म्हणून गूगल फोटोजमधून पुसल्यावर टॅबलेटमधल्या प्रतीबरोबर खात्यातलीही प्रत गेली आणि फोनवरचे दिसणेही थांबले. याउलट टॅबलेटच्या स्वतःच्या गॅलरीतून पुसले तेव्हा फक्त टॅबलेटमधली प्रत गेली, खात्यातली शाबूत राहिली, आणि गूगल फोटोज ती दाखवत राहिले. दोन्ही वेळा यंत्राने तुम्ही सांगितले तेच केले, फक्त एक बटण दोन्ही प्रतींना आणि दुसरे केवळ टॅबलेटमधल्या प्रतीला लागू होते, हे त्याने तुम्हाला पुरेसे ठळकपणे सांगितले नाही.

यातूनच पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया ठरतो. जागा आणि खासगीपणा हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. खात्यातला फोटो टॅबलेटवर जवळपास काहीच जागा घेत नाही, पण टॅबलेट हातात असलेल्या कोणालाही तो दिसतो. ट्रॅशमध्ये टाकलेला फोटो गॅलरीत दिसत नाही, पण जागा तितकीच अडवून बसतो. अँड्रॉइड ११ पासून अशा फाइलीच्या नावापुढे ‘ट्रॅश्ड’ अशी खूण लावून तिला नजरेआड केले जाते आणि ३० दिवसांनी ती खरोखर पुसली जाते. तुमची जागा ‘फारशी मोकळी झाली नाही’, त्याचे कारण बहुधा हेच. गूगल फोटोजमधले ‘जागा मोकळी करा’ हे बटणही असेच एकांगी आहे : बॅकअप झालेल्या फोटोंच्या टॅबलेटवरच्या प्रती ते काढून टाकते, त्यामुळे जागेचा प्रश्न सुटतो, परंतु जोवर तुमचे खाते टॅबलेटवर आहे तोवर ते सगळे फोटो पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर असतात. उलट, खाते काढून टाकले तर खात्यातले फोटो दिसणे थांबते, पण टॅबलेटच्या साठवणीतल्या प्रती आहेत तिथेच राहतात.

तुमच्या बाबतीत टॅबलेट पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती जाणार असल्याने शेवटी फॅक्टरी रीसेटच करावा लागेल. तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते शेवटच्या पायरीपासून सुरुवात करत आहेत. त्याआधीच्या पायऱ्यांनाच खरा वेळ लागतो. कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता टाकायचा याची निवड मात्र टॅबलेटवर करत बसू नका. लहानशा पडद्यावर हजारभर फोटो चाळताना माणूस जुन्या आठवणींत गुंततो, मग कंटाळतो, आणि कंटाळलेल्या हाताने भलतेच पुसतो. आधी सगळेच्या सगळे बाहेर काढा, निवड नंतर सावकाश संगणकावर करा.

बाहेर काढण्यासाठी केबल हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. टॅबलेट संगणकाला जोडून त्याचे लॉक उघडा, वरून सूचनांची पट्टी खाली ओढा आणि यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. हे न केल्यास टॅबलेट फक्त चार्ज होत राहतो आणि संगणकाला त्यातले काहीच दिसत नाही. मग संगणकावर टॅबलेटची साठवण उघडून ‘डीसीआयएम’ या फोल्डरपासून सुरुवात करा, कारण कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात. ‘पिक्चर्स’मध्ये बहुधा स्क्रीनशॉट सापडतील, ‘डाउनलोड’मध्ये ईमेलवरून उतरवलेली कागदपत्रे सापडतील. व्हॉट्सॲपचे फोल्डर अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यातले ‘मीडिया’ आणि त्यातले व्हॉट्सॲपच्या नावाचे फोल्डर अशा तीन पायऱ्या उतरून गेल्यावर मिळते. तिथे ‘व्हॉट्सॲप इमेजेस’च्या आत ‘सेंट’ नावाचे आणखी एक फोल्डर असते, जे गॅलरीत दिसत नाही. डॉक्टरांना टॅबलेटवरून पाठवलेल्या फोटोची दुसरी प्रत तिथे पडून असण्याची बरीच शक्यता आहे; मूळ फोटो पुसून निश्चिंत झालेल्या अनेकांना या फोल्डराचा पत्ताच नसतो.

ही फोल्डरे संगणकावर नेताना ‘कट’ न वापरता ‘कॉपी’च वापरा. मध्येच केबल हलली किंवा टॅबलेट झोपी गेला तर ‘कट’ केलेल्या फाइली ना इकडच्या ना तिकडच्या होऊ शकतात. कॉपी पूर्ण झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. त्यानंतर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो संगणकावर उघडा, आणि एखादा लांबलचक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेल्या व्हिडिओचे लहान चित्र व्यवस्थित दिसू शकते, पण तो मध्येच थांबतो. ते कळायचे तर तो चालवावाच लागतो. एवढी खात्री झाली की तीच फोल्डरे एका बाह्य हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवा. संगणकातली एकच प्रत म्हणजे सुरक्षितता नव्हे, केवळ जागाबदल आहे.

व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर जागेचा हिशेबही करून टाकू. साधारण फोटो तीन ते पाच एमबीचा असतो, तर फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साठ ते एकशे तीस एमबी खातो. म्हणजे एखाद्या समारंभाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण जवळपास एक जीबी घेते आणि तेवढ्या जागेत चार एमबीचे अडीचशे फोटो मावतात. तुम्ही पुसलेल्या तीन-चारशे फोटोंनी मिळणारी जागा दोन-तीन मोठे व्हिडिओ हलवूनही मिळाली असती. ज्या वाचकांना टॅबलेट कोणाला द्यायचा नाही, फक्त जागा हवी आहे, त्यांनी फाइल्स ॲपमध्ये आकारानुसार क्रम लावून वरच्या वीस-पंचवीस फाइलींकडे आधी पाहावे आणि फोटोंना हातही लावू नये.

केबलने सगळे आले असे मानण्याआधी आणखी एक शक्यता तपासायला हवी. तुम्ही पूर्वी कधी ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबले असेल, तर त्या फोटोंच्या टॅबलेटमधल्या प्रती तेव्हाच गेल्या आणि ते आता फक्त खात्यात आहेत. केबलने ते संगणकावर येणारच नाहीत. खात्यातले सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेण्यासाठी गूगल टेकआउट ही सोय आहे. तिथे फक्त गूगल फोटोज निवडून मागणी नोंदवली की काही वेळाने झिप फाइलींचे दुवे ईमेलवर येतात; ते सात दिवसच चालतात, म्हणून ईमेल आल्यावर ‘बघू सवडीने’ म्हणू नका. फोटोंसोबत जेसन प्रकारच्या बऱ्याच लहान लहान फाइली येतात आणि त्या निरुपयोगी वाटतात, परंतु तुम्ही गूगल फोटोजमध्ये बदललेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णने त्यांत असतात, म्हणून त्याही ठेवून द्या.

याच्या बरोबर उलट शक्यताही तुमच्या बाबतीत मला दिसते. गूगल खात्यात विनामूल्य १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांच्यात वाटली जाते. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’ दर्जात ठेवलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत; त्या तारखेपासून ठेवलेले फोटो धरले जातात. पंधरा जीबी भरले की नवीन फोटोंचा बॅकअप थांबतो, फोटो मात्र ॲपमध्ये पूर्वीसारखेच दिसत राहतात, कारण ते टॅबलेटमध्ये असतातच. म्हणून टॅबलेटवर गूगल फोटोज उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवा आणि बॅकअप पूर्ण झाला आहे की काही फोटो बाकी आहेत ते वाचा. बाकी असतील तर त्यांची एकमेव प्रत टॅबलेटमध्येच आहे आणि त्यांचा सगळा भरवसा केबलने केलेल्या कॉपीवर आहे.

फोटो लपवण्याच्या ॲपबद्दल माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. अशी कित्येक ॲपे फाइलीचे नाव बदलून ती आडबाजूच्या फोल्डरात ठेवण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत, तर काही इतकी काटेकोर असतात की ॲप काढून टाकले किंवा पासवर्ड विसरला की फोटोही गेले. शिवाय अनोळखी कंपनीच्या ॲपला नेमके आपले सर्वांत खासगी फोटो उचलून देणे हा खासगीपणाचा उपाय कसा ठरतो, हे मला आजवर कळलेले नाही. गूगल फोटोजमध्ये ‘लॉक्ड फोल्डर’ आहे; टॅबलेट स्वतःकडेच ठेवणाऱ्याला तो उपयोगी पडतो. पण त्याचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो आणि तो केलेला नसेल तर ॲप काढल्यावर किंवा रीसेट केल्यावर आतले फोटो कायमचे जातात. ते केबलनेही कॉपी होत नाहीत. तुम्ही कधी काही त्यात ठेवले असेल, तर आधी बाहेर काढा आणि मग कॉपी करा.

या सगळ्यानंतर रीसेट. मात्र त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन टॅबलेटवरून तुमचे गूगल खाते काढा. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्धचे एक संरक्षण आहे, ज्यामुळे रीसेटनंतर टॅबलेट जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो. खाते आधी काढले की भाच्याला ही अडचण येत नाही. टॅबलेटवरून खाते काढल्याने खात्यातले फोटो पुसले जात नाहीत, ते फोनवर दिसतच राहतात, तेव्हा त्याची धास्ती नको. व्हॉट्सॲप फोनवर असून टॅबलेटला जोडलेले असेल, तर फोनवरच्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या यादीतून टॅबलेट काढून टाका. मग सेटिंग्जमधूनच ‘सर्व डेटा मिटवा’ हा पर्याय निवडा.

मैत्रिणीची शंका जुन्या टॅबलेटच्या बाबतीत रास्त होती. साठवणीतली फाइल पुसली म्हणजे तिची यादीतली नोंद जाते. आतला मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत किंवा साठवण स्वतः ती जागा साफ करेपर्यंत उरू शकतो, आणि असे उरलेले शोधून काढणारी सॉफ्टवेअर सहज मिळतात. परंतु २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या उपकरणात साठवण एन्क्रिप्टेड, म्हणजे कूटबद्ध असणे सक्तीचे झाले. रीसेट करताना तिची किल्लीच नष्ट होते, आणि किल्लीवाचून मागे उरलेला मजकूर हा अर्थहीन आकड्यांचा ढीग असतो. तुमचा टॅबलेट चार वर्षांपूर्वीचा आहे, तरी सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात ‘एन्क्रिप्शन’ पाहून खात्री करून घ्या. तिथे ते बंद असल्याचे दिसले तर आधी सुरू करा, पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतर रीसेट करा. एखाद्या जुन्या यंत्रात तशी सोयच नसेल, तर रीसेटनंतर कॅमेरा टेबलावर उपडा ठेवून साठवण पूर्ण भरेपर्यंत काळा व्हिडिओ चित्रित करावा आणि पुन्हा एकदा रीसेट करावा. पद्धत ओबडधोबड आहे, पण घरगुती गरजेपुरती पुरते.

तुम्ही पत्रात मेमरी कार्डाचा उल्लेख केलेला नाही, तरीही टॅबलेटच्या कडेची खाच उघडून पाहा. ३२ जीबीच्या टॅबलेटमध्ये कधीतरी कार्ड घातलेले असते, कॅमेरा त्यावर फोटो ठेवत असतो आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा विसर पडलेला असतो. टॅबलेटचा रीसेट सहसा या कार्डाला हात लावत नाही, आणि ‘पोर्टेबल स्टोरेज’, म्हणजे काढून दुसरीकडे घालता येणारी साठवण म्हणून वापरलेले कार्ड कूटबद्धही नसते, त्यामुळे पुसलेले फोटो परत मिळवण्याची जी भीती मैत्रिणीने घातली ती इथे अगदी खरी आहे. कार्ड काढून स्वतःकडे ठेवणे सर्वांत सोपे. भाच्याला द्यायचेच असेल, तर त्यावरचे सगळे कॉपी झाल्यावर ते विंडोज संगणकात घालून फॉरमॅट करा आणि तसे करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून टाका, म्हणजे केवळ यादी न पुसता सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. याला वेळ लागतो, लागू द्या.

ज्यांच्याकडे आयपॅड आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : आयक्लाउड फोटोज सुरू असताना आयपॅडवरून पुसलेला फोटो त्याच खात्याच्या सर्व उपकरणांवरून जातो आणि ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस राहतो. ‘ऑप्टिमाइज आयपॅड स्टोरेज’ सुरू असेल तर आयपॅडमध्ये बऱ्याच फोटोंच्या लहान प्रतीच असतात, म्हणून मूळ फोटो उतरवल्याशिवाय काही पुसू नये. आयपॅड दुसऱ्याला देण्यापूर्वी आयक्लाउडमधून बाहेर पडणे आणि ‘फाइंड माय’ ही हरवलेले उपकरण शोधण्याची सोय बंद करणे आवश्यक आहे.

टॅबलेट भाच्याबरोबर वाटून वापरायचा असता तर सल्ला वेगळा दिला असता. अँड्रॉइड टॅबलेटवर २०१२ पासून एकाहून अधिक वापरकर्ते ठेवण्याची सोय आहे, जिथे प्रत्येकाची ॲपे, खाती आणि फोटो स्वतंत्र राहतात. खासगीपणासाठी ती उत्तम आहे, परंतु ३२ जीबीची जागा दोघांत वाटली जाते आणि आधीच भरलेल्या टॅबलेटची तारांबळ आणखी वाढते. तुम्ही टॅबलेट पूर्णच देत आहात, हे या दृष्टीने सोयीचे आहे.

रीसेटनंतर टॅबलेट सुरू होईल तेव्हा भाच्याला त्याच्या स्वतःच्या खात्यानेच तो सुरू करू द्या. इथे एक प्रसंग हमखास येतो : एखादे विकतचे ॲप तुमच्या खात्यातून घेतलेले असते आणि ‘मावशी, एकदाच तुझे खाते टाकून दे ना’ अशी मागणी होते. खाते टाकले की गूगल फोटोज ते ओळखते, बॅकअपचे विचारते, आणि तुम्ही महिनाभर खपून दूर केलेले सगळे फोटो काही मिनिटांत त्याच पडद्यावर येऊन उभे राहतात. गूगल प्लेमध्ये कुटुंबाचा गट करून विकतची बरीच ॲपे आपापल्या खात्यातून वापरता येतात. ती सोय चालत नसेल, तर ते ॲप त्याच्या खात्यातून नव्याने घेऊन द्या, पण तुमचे खाते पुन्हा त्या टॅबलेटवर टाकू नका.